वाचकांचे प्रश्न : रोनित एलकाबेत्स, तिचे तीन चित्रपट आणि एका खोलीतला कॅमेरा

इस्रायली अभिनेत्री आणि दिग्दर्शिका रोनित एलकाबेत्स हिच्यावर गेल्या अंकात आम्ही एक छोटं टिपण दिलं होतं. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून बरीच पत्रं आली. काहींना तिची माहिती हवी आहे, काहींना चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत हे विचारायचं आहे आणि काहींना तिच्या पद्धतीने लघुपट करून पाहायचा आहे. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : टिपणात जन्म-मृत्यूच्या तारखा आणि पुरस्कारच जास्त होते. ती घडली कशी, हे थोडं सविस्तर सांगाल का?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : जन्म २७ नोव्हेंबर १९६४, बेरशेबा या वाळवंटाच्या तोंडावरच्या शहरातला. आईवडील मोरोक्कोतल्या एस्साविरा या बंदरगावातून इस्रायलला आलेले. वडील टपालखात्यात होते आणि आई केशरचनेचं काम करायची. चार भावंडांत रोनित थोरली, पाठीवर तीन भाऊ. पुढे कुटुंब हैफाजवळच्या किर्यात याम या समुद्रकाठच्या कामगारवस्तीत राहायला गेलं. तिच्या चित्रपटांतली घरं, जिने, शेजारणी आणि घरातच केस कापून देणारी बाई हे सगळं इथून आलेलं आहे.

सुरुवातीला अभिनयाचं शिक्षण तिने कुठेच घेतलेलं नव्हतं. मॉडेल म्हणून काम करत असताना १९९० साली 'द अपॉइंटेड' हा पहिला चित्रपट मिळाला. १९९४ च्या 'श्खुर' या चित्रपटाने ती खऱ्या अर्थाने पुढे आली. मोरोक्कन कुटुंबातल्या मतिमंद बहिणीची ती भूमिका होती आणि तिला इस्रायलचा ओफिर पुरस्कार मिळाला. नाव झालेलं असताना १९९७ साली ती पॅरिसला निघून गेली आणि आरियान म्नूश्किन यांच्या नाट्यसंस्थेत शिकायला बसली. मायदेशातली चालती कामं सोडून पुन्हा विद्यार्थी होण्याचा हा निर्णय तिच्या कारकिर्दीत सगळ्यात महत्त्वाचा आहे, असं आम्हाला ठामपणे वाटतं. परतल्यावर तिच्या शरीराचा ठहराव आणि आवाज दोन्ही बदललेले दिसतात.

२००१ चा 'लेट मॅरेज' हा दोव्हेर कोशाश्विली यांचा चित्रपट जॉर्जियाहून आलेल्या यहुदी कुटुंबाचा आहे. मुलासाठी कुमारिका शोधत फिरणारे आईबाप, आणि त्या मुलाचं ज्या घटस्फोटित, एका मुलीच्या आईवर प्रेम आहे ती युदिथ म्हणजे रोनित. दुसरा ओफिर तिला याच भूमिकेसाठी मिळाला. २००४ च्या 'ओर' मध्ये ती देहविक्रयातून बाहेर पडू न शकणारी आई आहे. त्या चित्रपटाला कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचा 'कामेरा द'ओर' मिळाला. २००७ च्या 'द बँड्स व्हिजिट' मधल्या खानावळवाल्या दिनाने तिला जगभर ओळख आणि तिसरा ओफिर दिला. दिग्दर्शिका म्हणून तिचे तीनच चित्रपट आहेत. तिन्हींचं लेखन आणि दिग्दर्शन तिने धाकटा भाऊ श्लोमी याच्यासोबत केलं. १९ एप्रिल २०१६ रोजी कर्करोगाने तिचं निधन झालं, तेव्हा ती ५१ वर्षांची होती. श्लोमीने तिच्यावर आणि या तीन चित्रपटांवर 'ब्लॅक नोटबुक्स' नावाचा माहितीपट केला. तो २०२१ साली कानला दाखवला गेला.

प्रश्न : तिन्ही चित्रपटांत एकच नायिका आहे म्हणतात. मग सुरुवात कुठून करावी? मी पहिला लावला आणि दहा मिनिटांत बंद केला.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : दहा मिनिटांत बंद करणारे पुष्कळ आहेत आणि त्याला कारणही आहे. तिन्हींची नायिका विव्हियान, म्हणजे रोनितच. 'टू टेक अ वाइफ' (२००४) सुरू होतो तोच विव्हियानच्या भावांच्या गराड्यात. रात्र झालेली, ती मध्ये बसलेली, आणि भाऊ आळीपाळीने तिला समजावताहेत की नवऱ्याला सोडू नकोस. सगळे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. उपशीर्षकं वाचता वाचता चेहरा बघायचा राहून जातो आणि माणूस कंटाळतो. तिथे वाचन थोडं सोडून द्या आणि फक्त विव्हियानकडे बघा. भाऊ काय म्हणताहेत ते दोन वाक्यांतच कळलेलं असतं. त्यानंतरचा प्रत्येक शब्द तिच्यावर काय करतो, हा प्रसंगाचा विषय आहे.

कथेचा काळ असा : पहिला चित्रपट १९७९ मधल्या हैफात, शब्बाथच्या (यहुद्यांच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या) आधीच्या तीन दिवसांत घडतो. दुसरा 'सेव्हन डेज' (२००८) हा १९९१ च्या आखाती युद्धात. भाऊ मोरीस वारला आहे, अख्खं कुटुंब सात दिवस एका घरात शोक पाळत बसलं आहे आणि क्षेपणास्त्राचा भोंगा वाजला की सगळे वायुरोधक मुखवटे चढवतात. सुतकाच्या घरात आठवड्याच्या शेवटी जमीनजुमला आणि उसनवारीचं बोलणं निघतंच, तसं इथेही निघतं. तिसरा 'गेट : द ट्रायल ऑफ विव्हियान आम्सालेम' (२०१४) पूर्णपणे धर्मन्यायालयाच्या खोलीत आणि तिच्या दाराबाहेरच्या बाकांवर. तिथे विव्हियान घटस्फोट मागते आहे. नवरा एलिशा तिन्हींत सिमॉन आबकारियानच आहे.

आमचा सल्ला : आधी 'द बँड्स व्हिजिट' पाहा. तो सुमारे ८७ मिनिटांचा आहे आणि या अभिनेत्रीची सवय करून देतो. मग थेट 'गेट'. तो आवडला तर मागे जाऊन पहिला, नंतर दुसरा. 'गेट' आधी पाहिल्याने फारसं बिघडत नाही, कारण त्यात मागचा संदर्भ साक्षीदारांच्या तोंडून येतो. उलट पहिला चित्रपट नंतर पाहताना एलिशा चांगला माणूस असूनही हे लग्न का सडलं, ते पटत जातं. तो दारू पीत नाही, मारत नाही, पैसे उडवत नाही. न्यायाधीशांना त्यामुळेच तिचं दुःख कळत नाही.

प्रश्न : मी वकिली करतो. 'गेट' मध्ये न्यायालयच घटस्फोट का देऊन टाकत नाही? पाच वर्षं तारखा कशासाठी?
— एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : कारण तिथे न्यायालयाला तो अधिकार नाही. इस्रायलमध्ये यहुदी नागरिकांचे विवाह आणि घटस्फोट १९५३ च्या कायद्याने रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) न्यायालयांकडे आहेत. देशात नागरी विवाहाची सोय नाही. आपल्याकडे हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली न्यायालयाने हुकूमनामा दिला की विवाह संपतो. तिथे विवाह संपतो तो नवऱ्याने 'गेट' नावाचा लेख पत्नीच्या हातात दिल्यावर. तीन न्यायाधीश समोर बसतात, लेखनिक त्या जोडप्यासाठी, त्या दिवसासाठी, परंपरेने बारा ओळींत तो लेख हाताने लिहितो, दोन साक्षीदार सही करतात, आणि नवरा 'तू आता कोणत्याही पुरुषाला मोकळी आहेस' अशा अर्थाचं वाक्य उच्चारत तो तिच्या ओंजळीत टाकतो. छापील कोरा फॉर्म भरून चालत नाही. पुनर्विवाहासाठी तिला त्यानंतर ९२ दिवस थांबावं लागतं.

अडचण अशी की हे नवऱ्याने स्वेच्छेने करायचं असतं. न्यायालयाने बळजबरीने मिळवलेला गेट धर्मदृष्ट्या रद्द ठरू शकतो, म्हणून न्यायाधीश जपून पावलं टाकतात : समेट करा, घरी परत जा, साक्षीदार आणा, पुढची तारीख. १९९५ च्या कायद्याने हट्टी नवऱ्याचा वाहन परवाना, पारपत्र, बँक खातं यांवर बंधनं आणता येतात, तुरुंगातही टाकता येतं. तरी शेवटचा शब्द त्याचाच. दरम्यान त्या बाईने दुसऱ्या पुरुषासोबत संसार मांडला तर होणाऱ्या मुलांवर असा डाग लागतो की त्यांना इतर यहुद्यांशी लग्न करता येत नाही. चित्रपटातल्या तारखांमागचं भय हे आहे.

याच व्यवस्थेचा फटका मराठी माणसांनाही बसलेला आहे. अलिबाग, पेण, मुरुड भागातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली समाजाच्या विवाहांना १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आडकाठी केली आणि वंशाची चौकशी करण्याचे निर्देश काढले. मराठी बोलणाऱ्या या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. १९६४ साली सरकार आणि संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचं जाहीर केल्यावर तो प्रश्न मिटला. विव्हियानची कथा आपल्यापासून वाटते तितकी लांब नाही.

प्रश्न : आमचा नाटकाचा गट आहे. एका खोलीत घडणारी एकांकिका मोबाईलवर लघुपट म्हणून करायची आहे. 'गेट' सारखी. पहिला प्रयोग चित्रित केला तर नुसतं नाटकाचं रेकॉर्डिंग वाटतं. काय चुकतं?
— काही वाचक, खानापूर

उत्तर : नाटकाचं रेकॉर्डिंग वाटतं कारण कॅमेरा प्रेक्षकाच्या खुर्चीवर ठेवलेला असतो. 'गेट' मध्ये भावाबहिणीने एक नियम पाळला आणि तो त्यांनी जाहीरपणे सांगितलाही आहे : प्रत्येक दृश्य हे खोलीतल्या कुणातरी माणसाच्या नजरेतून घ्यायचं. दिग्दर्शकाची म्हणून वेगळी नजर नाही. छायाचित्रण झान लापुआरी यांचं आहे. चित्रपट सुरू होतो तेव्हा पुरुष विव्हियानबद्दल बोलत राहतात आणि ती आपल्याला दिसतच नाही. तिच्याकडे कुणी बघत नाही, म्हणून दिसत नाही. एका नियमातून एवढा अर्थ निघतो.

तुम्ही असं करा. खोलीचा नकाशा कागदावर काढा, कोण कुठे बसतं ते लिहा. मग संहितेच्या प्रत्येक दृश्यापुढे तीन रकाने आखा : बोलतो कोण, दिसतो कोण, बघतो कोण. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ते दृश्य काढून टाका. सगळ्यात जास्त हाती लागतं ते तिन्ही रकान्यांत तीन वेगळी नावं आली की. सासरा बोलतोय, दिसतेय सून, आणि तिच्याकडे बघतेय नणंद. अशी दृश्यं एकांकिकेत दहा तरी निघाली पाहिजेत. नसतील तर संहिताच संवादांवर जास्त टेकलेली आहे, आधी ती दुरुस्त करा.

कॅमेऱ्याची उंची बघणाऱ्याच्या डोळ्यांची. खुर्चीवर बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतात, उभ्याचे पाच फुटांच्या आसपास. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या म्हातारीचे अडीच फुटांवर. कॅमेऱ्याची तिपाई (ट्रायपॉड) दर वेळी मोजून लावा. अर्ध्या फुटाची चूक झाली तरी नजर कुणाचीच उरत नाही. बघणाऱ्या नटाला तिपाईला अगदी चिकटून बसवा आणि समोरच्याने त्याच्या डोळ्यांत बघून बोलावं. थेट भिंगात बघितलं तर बातमीदारासारखं दिसतं. ते एखाद्याच वाक्यासाठी राखून ठेवा.

झूम वापरू नका, डोळ्यांना झूम नसतो. कॅमेरा वळवायचा तो बघणाऱ्याने मान वळवली तरच. मोबाईलचं रुंद भिंग (स्क्रीनवर ०.५ दिसतं ते) टाळा, त्यात कडेचे चेहरे ताणले जातात. मुख्य भिंग वापरा, लांबच्या चेहऱ्यासाठी दुसरं २ किंवा ३ पटीचं भिंग असेल तर ते घ्या.

चित्रीकरणाचा क्रम महत्त्वाचा. एका जागेवरून अख्खा प्रसंग सलग करून घ्या, मग तिपाई दुसऱ्या जागी. सहा मिनिटांचा प्रसंग, पाच जागा, प्रत्येकी तीन वेळा म्हणजे ९० मिनिटांचं चित्रण. साध्या फुल एचडीत मिनिटाला १०० ते १३० एमबी धरले तर ९ ते १२ जीबी जागा लागेल, ती आधीच मोकळी करा. खुर्च्यांच्या पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टी लावा. दुसऱ्या दिवशी खुर्ची हातभर सरकलेली असली की नजरा जुळत नाहीत आणि संकलनात दोघं एकमेकांकडे बघतच नाहीत असं दिसतं. तुमच्या पहिल्या प्रयत्नात हे नक्की होईल, म्हणून पट्टी विसरू नका.

उजेडाची लुकलुक : आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाईट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंदावतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. मोबाईलच्या आपोआप सेटिंगवर सोडलं तर पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. फोकस, उजेड आणि रंग हे तिन्ही कुलूपबंद करा, नाहीतर पांढरं धोतर चौकटीत आलं की अख्खी खोली काळवंडते.

आवाजाकडे सगळे शेवटी वळतात आणि तिथेच फसतात. पंखा, फ्रीज बंद. कॉलर माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, साडीच्या काठाला घासणार नाही असा. माईक एकच असेल तर दुसरा मोबाईल रेकॉर्डर म्हणून टेबलावर पुस्तकाआड ठेवा, सुरुवातीला एक टाळी वाजवा म्हणजे संकलनात दोन्ही जुळवता येतील. प्रसंग संपल्यावर सगळ्यांनी जागेवर गप्प बसून रिकाम्या खोलीचा आवाज ३० सेकंद घ्यायचा. दोन वाक्यांमधल्या फटी त्यानेच बुजतात. आणि खानापूरला जून ते सप्टेंबर पत्र्याखाली चित्रीकरण ठेवू नका. पावसात संवाद वाचवता येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

शेवटची गोष्ट भाषेची, आणि ती तुम्हाला इतरांपेक्षा चांगली जमेल. या तीन चित्रपटांत हिब्रू, फ्रेंच आणि मोरोक्कन अरबी अशा भाषा चालतात. नवराबायको आपसात फ्रेंचवर जातात, वडीलधाऱ्यांशी अरबी, न्यायालयात हिब्रू. एलिशा न्यायालयातही फ्रेंच बोलतो, आणि त्या हट्टातून त्याचा स्वभाव कळतो. आपल्या भागात घरात मराठी, बाजारात मराठी-कन्नड मिसळून, कचेरीतला कागद कन्नडमध्ये, हे रोजचं आहे. मग लघुपटात सगळे शुद्ध पुणेरी मराठी का बोलतात? प्रत्येक वाक्यापुढे ते कुठल्या भाषेत आणि कुणी ऐकू नये म्हणून, तेही लिहा. म्हातारीला कन्नड समजत नसेल आणि दृश्य तिच्या नजरेतलं असेल, तर त्या कन्नड वाक्याखाली उपशीर्षक देऊ नका. डोळे तिचे घेतले तर कानही तिचेच घ्यावे लागतात.

प्रश्न : अभिनय शिकणाऱ्या मुलींनी तिचं नेमकं काय बघावं?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : 'गेट' मधला केस मोकळे सोडण्याचा प्रसंग आवाज बंद करून पाहा. न्यायालयात तारीख चालू आहे, तिचं लक्ष उडतं, ती पिना काढते आणि केस सुटतात. न्यायाधीश खवळतात. तिने काहीही 'करून दाखवलेलं' नाही, दमलेल्या बाईचे हात सवयीने वर गेले आहेत. मग तिचा न्यायाधीशांवर फुटलेला आवाज ऐका. एक तास दाबून ठेवल्यामुळेच तो अंगावर येतो. 'द बँड्स व्हिजिट' मध्ये सहअभिनेता सासोन गबाईसोबतचा बाकावरचा प्रसंग बघा, ऐकणाऱ्याचं काम कसं असतं ते तिथे दिसतं.

प्रश्न : गावच्या वाचनालयात 'गेट' दाखवायचा आहे, मराठी उपशीर्षकांसह. कसं करावं? परवानगी लागते का?
— एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर : परवानगी लागते. घरापुरती डीव्हीडी किंवा सशुल्क ॲपची वर्गणी सार्वजनिक प्रदर्शनाला चालत नाही, प्रवेश फुकट ठेवला तरीही. हक्कधारकाची लेखी संमती हवी, आणि परदेशी चित्रपटाला १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र किंवा त्यातून सूट. ही सूट चित्रपट महोत्सवांना आणि फिल्म सोसायट्यांना अर्ज करून मिळते, म्हणून सुटं वाचनालय पुढे करण्यापेक्षा जवळच्या नोंदणीकृत फिल्म सोसायटीमार्फत जाणं सोपं. भाषांतर करून वापरण्याचा उल्लेखही त्याच संमतीपत्रात करून घ्या.

उपशीर्षकांसाठी : एका वेळी दोनच ओळी, ओळीत ४० अक्षरांच्या आत, पडद्यावर किमान एक सेकंद आणि कमाल सहा. देवनागरी वाचायला गावातल्या मिश्र प्रेक्षकाला वेळ लागतो, म्हणून वाक्य तोडून लहान करा, शब्दशः सगळं आणू नका. हिब्रू संवाद सरळ ठशात आणि फ्रेंच-अरबी तिरप्या ठशात ठेवा, म्हणजे भाषा कुठे बदलली ते दिसेल. फाईल यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर पडद्यावर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं येतात.

उपशीर्षकं सुरुवातीला जुळतात आणि हळूहळू मागेपुढे होत जातात, ही तक्रार नेहमीची आहे. चित्रपटाची प्रत २५ फ्रेमची आणि उपशीर्षकं २३.९७६ फ्रेमच्या प्रतीवर बेतलेली असली की मिनिटाला सुमारे अडीच सेकंदांचा फरक पडतो. 'गेट' ११५ मिनिटांचा आहे, म्हणजे शेवटी जवळजवळ पाच मिनिटं. व्हीएलसी या चित्रपट लावायच्या संगणक प्रणालीत जी आणि एच या कळांनी ५० मिलिसेकंदांनी पुढेमागे करता येतं, पण त्याने फक्त स्थिर फरक जातो. वाढत जाणारा फरक उपशीर्षकांच्या संपादकात फ्रेमदर बदलूनच निघतो. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्याच संगणकावर, त्याच प्रोजेक्टरवर पहिली पाच, मधली पाच आणि शेवटची पाच मिनिटं लावून बघा. शेवटच्या रांगेत उभं राहून मजकूर वाचता आला नाही तर अक्षर मोठं करा आणि खालच्या ओळी थोड्या वर घ्या, पुढे बसलेल्यांच्या डोक्यांआड त्या जाणार नाहीत एवढ्या.